सव्वा महिन्यानंतर, उरणला

आमची पहिली मुलगी जन्माला आली तीच गेलेली. आठवा महिना संपत आला होता. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात, भर दुपारी. मी तिला पाहिलं, तिच्या आईनं पाहिलं नाही. ही एक गोष्ट पुढं सव्वा महिना आम्हा दोघांच्या मध्ये उभी होती. ती कशी बाजूला झाली, आणि खरं म्हणजे कितपत झाली, तेवढंच मला इथं लिहायचं आहे.

ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात मी ड्राफ्ट्समन होतो. गिरगावच्या चाळीतली एक खोली सोडून वाशीच्या नव्या घरात येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. इमारती नव्या, लावलेली झाडं गुडघ्याएवढी, आणि अंधार पडला की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. जिन्यात मात्र सगळे सगळ्यांना ओळखायचे. बायको साताऱ्याकडची. तिला दिवस गेल्याचं कळल्यापासून आमच्या मजल्यावरच्या चारही घरांतून वाट्या यायच्या. कुणाकडून कैरीचं लोणचं, कुणाकडून खरवस. तिनं स्वतः जुन्या धोतराची झबली शिवली होती, पाच का सहा. एकाला गळ्याशी निळ्या दोऱ्याची वेलबुट्टी काढली होती.

माझी मोठी बहीण बाळंतपणासाठी येऊन राहिली होती. डॉक्टर बाहेर येऊन बोलून गेले, तेव्हा मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. बहीण माझ्याजवळ येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तिला दाखवू नको. एकदा बघितलं की ते डोळ्यांपुढून जात नाही. आणि कुठं नेलंस तेही सांगू नकोस. विचारलंच तर म्हण, हॉस्पिटलवाल्यांनी सगळं केलं."

बहीण माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यापासून ती सांगेल ते मी ऐकत आलो होतो. तेही ऐकलं.

ऑफिसातला एक मित्र टॅक्सी घेऊन आला. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते मूल मांडीवर घेऊन मी ठाण्याहून वाशीपर्यंत आलो. वजन माझ्या ड्रॉइंगच्या पेटीएवढं. मित्र सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. खाडीच्या काठाला गावाचं जुनं स्मशान होतं, त्याच्या एका कडेला लहान मुलांना पुरायची जागा. पलीकडे भरतीच्या पाण्यात बुडणारं खाजण आणि तिवराची झाडं. गावातल्या एका माणसानं खड्डा खणून दिला. ओहोटीची वेळ होती, चिखलाचा वास येत होता. त्या माणसानं वरून खडं मीठ टाकलं, माती लोटली आणि कुत्री उकरू नयेत म्हणून दगड रचले. मी किती वेळ थांबलो आठवत नाही. मित्रानं खांद्याला हात लावला तेव्हा निघालो.

बायकोनं काही विचारलं नाही. सव्वा महिना ती घरात होती. बहिणीनं तिचं सगळं रीतीप्रमाणे केलं. शेक दिला, तेल लावलं, बाळंतशेपा खायला घातल्या. मूल नसताना बाळंतिणीचं सगळं चाललेलं बघणं मला जड जायचं. मी जास्तीत जास्त वेळ कारखान्यात काढायचो. झबल्यांची पिशवी बहिणीनं कुठं नेली ते मीही विचारलं नाही.

एका संध्याकाळी मी कामावरून येत होतो, तर बायको जिन्यात उभी. वाळलेले कपडे काढायला गच्चीवर गेली असावी. शेजारच्या बाई आपल्या रांगत्या मुलाला दारात घेऊन बसल्या होत्या. बायको येताना दिसली तशा त्या मुलाला उचलून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. वाईट बाई नव्हत्या त्या. खरवस त्यांच्याच घरून यायचा. बायको बंद दाराकडे बघत तिथंच थांबली होती. मला बघून बाजूला झाली, म्हणाली, "चला, चहा ठेवते."

बहीण तिच्या घरी परत गेली, त्याच संध्याकाळी बायकोनं माळ्यावरची माझी सॅक खाली काढली. लग्नाआधी मी ऑफिसच्या पोरांबरोबर किल्ले हिंडायचो. खाकी कापडाची ती सॅक मी चोरबाजारातून आणली होती. लग्नानंतर दोन वर्षं ती माळ्यावरच पडून होती. सॅक फडक्यानं पुसता पुसता तिनं विचारलं, "किल्ल्यावर गेलात की तुम्ही राहायचात कुठं?"

"देवळात. नाहीतर शाळेच्या ओट्यावर."

"आणि जेवण?"

"शिधा न्यायचा. बरोबर छोटा स्टोव्ह असतो."

"म्हणजे पैसे फार लागत नाहीत."

"एस.टी.चे लागतील तेवढेच."

"मग मला न्या," ती म्हणाली. "चार दिवस. जिथं मला कुणी ओळखत नाही अशा ठिकाणी."

मी म्हटलं, साताऱ्याला जाऊन ये, आईकडे बरं वाटेल. तिनं मान हलवली. "तिथं तर सगळं गाव ओळखतं."

सह्याद्रीतला किल्ला तिला झेपला नसता. मी खूप विचार करून उरण ठरवलं. समुद्र आहे, नारळीच्या वाड्या आहेत, जवळच द्रोणागिरीचा लहानसा डोंगर आणि त्याच्यावर पोर्तुगीजांच्या वेळचे पडके अवशेष. वाशीहून पनवेल, पनवेलहून उरण, दोन एस.टी. बदलल्या की झालं. डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी ओझं उचलू देऊ नका आणि हळूहळू चालू द्या असं सांगितलं. हॉस्पिटलच्या खर्चानंतर आमच्याजवळ फारसं काही शिल्लक नव्हतं, त्यामुळे हॉटेल-लॉजचा प्रश्नच नव्हता. तांदूळ, मुगाची डाळ, चहा-साखर, दोन चादरी, एक पातेलं आणि रॉकेलचा स्टोव्ह. तिनं पांढरे कॅनव्हासचे बूट विकत घेतले, शाळेतली मुलं पी.टी.ला घालतात तसले. पाचवारी साडी आणि खाली ते बूट. पनवेलच्या स्टँडवर दोन मुली तिच्याकडे बघून तोंडावर पदर घेऊन हसल्या. तिचं लक्षही नव्हतं.

चैत्र होता. उरणच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना मिठागरं, त्यांच्यात मिठाचे पांढरे ढीग. उन्हानं त्यांच्याकडे बघवत नव्हतं. बायको खिडकीशी बसली होती. "हे सगळं मीठ?" एवढंच तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मला खाडीकाठची ती दुपार आठवली आणि मी दुसरीकडे तोंड केलं.

पहिला मुक्काम आम्ही समुद्रकाठच्या एका देवळाच्या ओवरीत केला. पुजाऱ्यानं एकदा आमच्याकडे, एकदा सॅककडे बघितलं, आणि "नवरा-बायकोच ना?" म्हणून खात्री करून घेतली. विहीर दाखवली. मी स्टोव्हवर खिचडी टाकली. ती करपली, पण बायकोनं दोनदा वाढून घेतली. घरी तिचं जेवण चार घासांवर आलं होतं. सूर्य मावळेपर्यंत ती वाळूत बसून होती. भरती येऊन पाणी तिच्या बुटांना लागलं तरी हलली नाही. मी जाऊन तिला मागं ओढलं तेव्हा म्हणाली, "इथं कुणी काही बोलत नाही, बरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या दिशेनं निघालो. पायथ्याला देवीचं देऊळ आहे, तिथं राहू आणि सकाळच्या थंडाव्यात वर चढू असा बेत होता. पण निघायला उशीर झाला. अकरा वाजताच ऊन असं तापलं की डांबर बुटाला चिकटायला लागलं. वॉटरबॅग रिकामी झाली. रस्त्यापासून थोडं आत एक कौलारू घर दिसलं. पुढं सारवलेला ओटा, बाजूला चार-पाच नारळ, आणि आडाजवळ मोगऱ्याची दाट झुडपं. साठीची एक आगरी बाई ओट्यावर बसून सुपात तांदूळ निवडत होती. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, हातांना जाड काकणं. मी पाणी मागितलं.

"मिल्ट्रीची मानसा हाय काय तुमी?" सॅककडे बघत तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही मावशी, वाशीहून आलोय, डोंगरावरचे अवशेष बघायला.

"वर काय हाय बघाला? दगडा हायत." मग तिची नजर बायकोच्या बुटांवर गेली आणि ती मोकळेपणानं हसली. "बस, बाय. पाय सोर त्या बुटातना."

तिनं तांब्याभर गार पाणी आणलं आणि वर गुळाचे खडे. आम्ही ओट्यावर टेकलो. मावशी बोलत होती. धाकटा मुलगा करंजा बंदरावर मासे उतरवायच्या कामावर होता, सून शेतावर गेली होती, आणि लेक बाळंतपणाला आली होती. दोन महिन्यांचा नातू आत झोपलाय, असं ती सांगतच होती, तेवढ्यात तो उठला आणि रडायला लागला.

बायको ताडकन उभी राहिली. कुणीतरी हाक मारल्यासारखी. आणि तशीच उभी असताना तिच्या पोलक्याचा पुढचा भाग भिजला. सव्वा महिना झाला तरी तिचं दूध पूर्ण गेलं नव्हतं, हे मला माहीतच नव्हतं. घरात ती काय करत होती, किती दुखत होतं, कुणास ठाऊक. तिनं घाईघाईनं पदर ओढला, पण मावशीनं पाहिलं होतं. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

"बाय, तुजा पोर कुठं हाय?"

बायको म्हणाली, "नाही."

"कवा?"

"सव्वा महिना झाला."

मावशी उठली. तिचा हात धरून तिला आत घेऊन गेली. मी सॅकशेजारी ओट्यावर बसून राहिलो. आतलं मूल गप्प झालं, आईनं घेतलं असावं. थोड्या वेळानं मावशी बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता आडाजवळ गेली. मोगऱ्याच्या कळ्या, उमललेली फुलं, जे हाताला लागेल ते तिनं ओंजळी ओंजळीनं सुपात भरलं. पुढची झुडपं पार ओरबाडली. ते घेऊन आत गेली. मग बराच वेळ आतून नुसतं मावशीचं एकसुरी बोलणं आणि मध्ये केव्हातरी बायकोचा हुंदका ऐकू आला. त्या दिवसापर्यंत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आणि तेव्हाही पाहिलं नाही, भिंतीपलीकडून ऐकलं.

छातीवर मोगरा ठेवून वरून फडकं घट्ट आवळून बांधलं की दूध आटतं, हे मला बायकोनं नंतर सांगितलं. मावशीनं तिच्या दोन सुनांना असं बांधलं होतं, आणि स्वतःलाही एकदा.

मावशी पुन्हा बाहेर आली ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"कुठं ठेवलीस पोरीला?"

मी काही बोलण्याआधी दारातून बायकोचा आवाज आला. "मला नाही माहीत. यांना माहीत आहे."

"म्हंजे? हिला सांगला नाय?"

मी म्हटलं, "मोठी बहीण म्हणाली, सांगू नको. तिला त्रास होईल."

"भैन काय आई हाय त्या पोरीची?" मावशी ओरडली नाही. कुठल्या तरी अडाणी माणसाला समजवावं तशी बोलत होती. "नऊ महिने वागवायला ही, आन ठेवली कुठं ते हिला म्हाईत नाय. आता माज्याम्होरं नको सांगू. पन सांग. घरी जायच्या आदी सांग."

बायको दारातच होती. मी वर बघितलं तर तिनं माझ्याकडे बघितलं नाही. सव्वा महिन्यात तिनं एकदाही विचारलं नव्हतं म्हणून मला वाटत होतं, तिला जाणून घ्यायचंच नाही. ती माझ्या सांगण्याची वाट बघत होती, हे त्या दारात मला कळलं.

मावशीनं आम्हाला देवळात जाऊ दिलं नाही. आमचा तांदूळ तिनं ठेवून घेतला आणि तिच्या चुलीवर भात शिजवला. बायको आत बायकांमध्ये झोपली, मी ओट्यावर.

पहाटे उजाडता उजाडता आम्ही डोंगर चढायला लागलो. सॅक मावशीकडेच ठेवली होती. वाट सोपी आहे, करवंदीच्या जाळ्यांमधून जाते. बायको पुढं, मी मागं. तिच्या अंगाला मोगऱ्याचा वास येत होता, शिळा झालेला. दर वळणावर मी ठरवत होतो की आता सांगायचं, आणि तोंडातून भलतंच निघत होतं. दगड सरकतोय, जपून. इथं वळ. पाणी हवंय का?

वर पोचलो. ढासळलेला दरवाजा, तटाचे तुकडे, हिरव्या पाण्याचं टाकं. थोडं पुढं, छप्पर नसलेल्या मोठ्या भिंती. चर्च होतं म्हणतात. भिंतींतून पिंपळ उगवले होते आणि त्यांच्या मुळांनी चिरे सुटे केले होते. तिथून सगळं दिसतं. एकीकडे उघडा समुद्र, नांगरलेली जहाजं, घारापुरीचा डोंगर. दुसरीकडे मिठागरं, खाड्या, न्हावा-शेव्याकडची गावं. तेव्हा तिकडं बंदर झालं नव्हतं. नुसती भातखाचरं आणि चिखल होता.

बायको एका पडलेल्या चिऱ्यावर बसली. मी उभाच होतो. तिच्याकडे पाठ करून, खाडीकडे बघत मी सांगायला सुरुवात केली. टॅक्सी, मित्र, स्मशान, तिवराची झाडं, तो माणूस. मिठाचं सांगितलं, दगडांचं सांगितलं. सांगून झाल्यावर मागं वळलो. तिनं हात मांडीवर घट्ट धरले होते.

"तुम्ही तोंड बघितलंत तिचं?"

"हो."

"कशी होती?"

"केस खूप होते. काळे. कपाळावर आलेले." मी थांबलो. "हनुवटी तुझी."

"डोळे?"

"मिटलेले."

मग तिनं विचारलं, "अंगावर काय होतं?"

"हॉस्पिटलचं कापड. पांढरं."

"मी शिवलेलं झबलं नाही घातलंत?"

मला सुचलं नव्हतं. त्या दुपारी झबल्याची आठवण झाली असती, तर येताना घरी थांबून घेता आलं असतं. घर रस्त्यातच होतं. हे मी तिला सांगितलं नाही, पण तिला ते कळत होतं.

"निदान एक घालायचं होतं," ती म्हणाली. "पाच-सहा होती."

ती उठली आणि उतरायला लागली. मी हाक मारली तरी थांबली नाही. त्या बुटांत ती भराभर उतरत होती, झाडांना धरत, घसरत, आणि मी मागून नुसता चाललो होतो. खाली मावशी ओट्यावरच होती. तिनं आमच्या तोंडाकडे बघितलं आणि सॅक आतून आणून ठेवली. बायको म्हणाली, "मावशी, आम्ही आजच जातो." मावशीनं ओल्या फडक्यात मोगरा बांधून दिला आणि आणखी दोन दिवस बांध म्हणून बजावलं. बायको वाकून तिच्या पाया पडली. मलाही वाटलं आपण पडावं, पण मी नुसते हात जोडले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

आमचा बेत करंज्याहून होडीनं रेवसला जायचा होता, पुढं आणखी दोन दिवस काठाकाठानं हिंडायचा होता. तो तिथंच संपला. परतीच्या दोन्ही एस.टी.त ती मोगऱ्याचं ओलं फडकं मांडीवर धरून बसली होती. वाशीला उतरलो तेव्हा चार वाजले असतील. मी घराच्या दिशेनं वळलो, तर ती म्हणाली, "आधी तिथं."

पाठीवर सॅक तशीच. आम्ही खाडीकाठी गेलो. सव्वा महिन्यात त्या कडेला भराव घालायचं काम सुरू झालं होतं. डंपरनं मुरूम आणि दगड आणून टाकले होते. सगळी जागा दगडांनीच भरली होती, तिवराची झाडं बरीच तोडलेली. ज्या माणसानं खड्डा खणला होता त्याला शोधावं, तर तो कुठल्या तरी कामावर गेलेला. मी एका बाजूला दहा पावलं गेलो. दगडांची एक रास होती. तीच असावी असं वाटलं. मग वाटलं, नाही, मी उभा होतो तिथून पाणी डाव्या हाताला दिसत होतं. पुन्हा मागं आलो, दुसरीकडे गेलो. बायको एका जागी उभी राहून माझ्याकडे बघत होती.

शेवटी मी एका ठिकाणी थांबलो आणि म्हणालो, "इथं."

"नक्की?"

"नक्की."

तिनं बूट काढले. खाली बसली. जमिनीवर पालथा तळवा ठेवला. "डोकं कुठल्या बाजूला आहे?"

"इकडं," मी हात केला. तेही मला माहीत नव्हतं.

ती त्या बाजूला सरकली आणि रडली. मोठ्यानं, तोंड उघडून. डंपरचा एक क्लीनर लांबून बघत होता, त्यानं नंतर पाठ फिरवली. मी सॅक खाली ठेवून तिच्या शेजारी बसलो. आपण बोट दाखवलेल्या जागेवर ती रडते आहे आणि ती जागा बहुतेक चुकीची आहे, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं. डोंगरावर मी सांगितलेलं सगळं खरं होतं, आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी पुन्हा खोटं बोललो होतो. पण त्या क्षणी "मला आठवत नाही" म्हणायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या आठवड्यात बहीण आली तेव्हा मी तिला सांगितलं की बायकोला ती जागा दाखवली. मला वाटलं ती रागावेल. तिनं चहाचा कप खाली ठेवला. माझ्या बहिणीची दोन मुलं अशीच गेली होती, मी शाळेत असताना. ती म्हणाली, "हिनं विचारलं का?"

मी म्हटलं, नाही, पण तिला हवं होतं.

"मी कधी विचारलं नाही," बहीण म्हणाली. "ह्यांनी सांगितलं नाही. आता ते पण नाहीत."

झबल्यांची पिशवी तिनं एका अनाथाश्रमात दिली होती. त्यातलं निळ्या वेलबुट्टीचं तेवढं तिच्याजवळ राहिलं होतं, का ते तिलाही सांगता आलं नाही. ते तिनं बायकोला आणून दिलं.

बायको मला लगेच माफ करून मोकळी झाली असं मी म्हणणार नाही. पुढं कित्येक महिने आमच्या घरात भांडणसुद्धा होत नव्हतं, इतकं जपून बोलणं चालायचं. शेजारच्या बाई बंद दारातून हळूहळू बाहेर आल्या. एकदा त्यांचं मूल तापानं फणफणलेलं असताना बायकोच रात्रभर त्यांच्याकडे बसली. तीन वर्षांनी आम्हाला मुलगा झाला, त्यानंतर दोन वर्षांनी दुसरा. पहिल्याला मावशीच्या पायावर घालायचा म्हणून आम्ही उरणला गेलो. घराच्या जागी पक्कं घर उठलं होतं, आडावर पंप बसला होता. मावशी होती, म्हातारी झाली होती, आणि तिला आम्ही अजिबात आठवलो नाही. बायकोनं मोगऱ्याचं सांगितलं, बुटांचं सांगितलं. मावशी म्हणाली, "आसंल, बाय. लय येतात." मग तिनं मुलाला घेतलं, त्याचे पाय चोळले आणि आम्हाला जेवायला थांबवून घेतलं. तिनं ओळखलं नाही ते मला थोडं लागलं. बायकोला अजिबात नाही.

हिंडायचं आम्ही सोडलं नाही. दर हिवाळ्यात, रजा मिळेल तशी, तीच सॅक आणि तोच स्टोव्ह. बेलापूरचा बुरूज, रेवदंडा, कोर्लई, वसई. मुलं झाल्यावर त्यांना खांद्यावर घेऊन. देवळात नाहीतर शाळेत मुक्काम. बायको आता चांगली चालायला शिकली होती.

असंच एकदा रेवदंड्याला, तटाच्या सावलीत जेवण उरकून बसलो होतो. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. वाशीच्या त्या भरावावरून तेव्हा रस्ता झाला होता आणि त्याच्यावरून आमच्या कंपनीची बस जायची. रोज जाताना मी खिडकीबाहेर बघायचो नाही. त्या दिवशी मुलं वाळूत खेळत होती आणि मी तिला सांगून टाकलं. म्हटलं, त्या दिवशी मला जागा सापडली नव्हती. मी आपलं कुठंतरी बोट दाखवलं.

ती भांडी पुसत होती. "माहीत आहे," म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हाच. तुम्ही आधी एका राशीकडे गेलात, मग परत आलात, मग दुसरीकडे गेलात."

"मग विचारलंस का नाहीस?"

तिनं पातेलं सॅकमध्ये घातलं. जरा विचार केला. "मला कुठंतरी बसायचं होतं," ती म्हणाली. "सव्वा महिना मी नुसती पलंगावर पडून होते. तिच्याजवळ माझं बसायचं राहिलं होतं."

धाकट्याच्या डोळ्यात वाळू गेली होती आणि तो हातपाय झाडत होता. ती उठून त्याच्याकडे गेली आणि पदराच्या टोकानं त्याचा डोळा पुसायला लागली.